हिटच नसलेल्या बँडचं ‘बेस्ट ऑफ’ कसं ऐकायचं : द रिप्लेसमेंट्स, अगदी पहिल्यापासून

८०च्या दशकातलं अमेरिकन रॉक म्हटलं की आपल्याकडची यादी ठरलेली असते, बॉन जोव्ही, गन्स अँड रोझेस, व्हॅन हेलन, आणि माणूस जरा पुढे गेलेला असेल तर आर.ई.एम. त्या यादीत द रिप्लेसमेंट्स नसतात, आणि खरं सांगायचं तर तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेकांच्या यादीतही नव्हते. १९७९ ला सुरू झाले, १९९१ ला फुटले, मधे सात अल्बम काढले आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या १०० गाण्यांत त्यांचं एकच गाणं पोचलं, तेही ५१ नंबरवर जाऊन अडकलं. तरी यांचं बेस्ट ऑफ निघालं, आणि तेही दोन वेळा. आता हिटच नाहीत तर बेस्ट ऑफ मधे काय असतं, आणि ते नवीन माणसाने कुठून कसं ऐकायचं, याच्यासाठी हे सगळं लिहितोय. कारण या बँडकडे चुकीच्या दारातून गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल आणि म्हणाल काय फालतू आरडाओरडा आहे, असं झालेले लोक मी बघितलेत.

१. कुठलं कलेक्शन घ्यायचं ते आधी ठरवा

दोन आहेत. १९९७ चं ‘ऑल फॉर नथिंग / नथिंग फॉर ऑल’, दोन सीडींचं, आणि २००६ चं ‘डोन्ट यू नो हू आय थिंक आय वॉज?’, एका सीडीचं, २० गाणी. नवीन असाल तर दुसरं घ्या, डोळे झाकून.

का, तर कंपनीचा घोळ. बँडचे पहिले तीन अल्बम आणि एक छोटी आठ गाण्यांची रेकॉर्ड ट्विन टोन नावाच्या मिनियापोलिसच्याच लहानशा कंपनीने काढली होती, नंतरचे चार अल्बम सायर रेकॉर्ड्सने, म्हणजे वॉर्नरच्या घरातली मोठी कंपनी, रमोन्स आणि मॅडोनावाली. १९९७ चं कलेक्शन फक्त सायरच्या चार अल्बमांवर बेतलेलं आहे, प्रत्येकातली चार गाणी, आणि दुसऱ्या सीडीवर उरलंसुरलं सामान. त्यामुळे ‘आय विल डेअर’ नाही, ‘अनसॅटिस्फाइड’ नाही, म्हणजे बँड ज्या गाण्यांनी बँड झाला तीच गायब. २००६ वाल्यात पहिल्यांदा दोन्ही कंपन्यांची गाणी एकत्र आली.

तुमच्या अ‍ॅपवर हे कलेक्शन सापडलं नाही तरी अडत नाही, खाली गाण्यांची नावं येतीलच, मूळ अल्बममधून उचलून प्लेलिस्ट करा. फक्त सर्च करताना बँडचं नाव टाका, कारण यांच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमचं नाव आहे ‘लेट इट बी’. हो, बीटल्सचंच नाव, मुद्दाम ढापलेलं. पुढच्या अल्बमचं नाव नुसतं ‘टिम’. सर्चमधे काय काय येईल तुम्हीच बघा.

२. इतिहास थोडाच, पण चार माणसं माहीत हवीत

मिनियापोलिसमधे बॉब स्टिन्सन नावाचा पोरगा गिटार वाजवायचा, त्याने धाकट्या भावाच्या, टॉमीच्या, हातात बास गिटार दिला, पोरगं रस्त्यावर वाया जाऊ नये म्हणून. ड्रमवर ख्रिस मार्स. तिघं स्टिन्सनांच्या तळघरात धिंगाणा घालायचे आणि पॉल वेस्टरबर्ग, जो तेव्हा एका सिनेटरच्या ऑफिसात झाडलोटीचं काम करायचा, तो घरी जाताना बाहेर उभा राहून ऐकायचा. मग आत शिरला आणि सिंगर झाला. त्याने पीटर जेस्परसन नावाच्या माणसाला डेमो कॅसेट दिली, अपेक्षा एवढीच की बारमधे एखादा प्रोग्राम मिळेल. जेस्परसन रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि ट्विन टोनमधे भागीदार होता, त्याने ऐकून थेट रेकॉर्डच काढूया म्हणून सांगितलं. १९८१ मधे पहिला अल्बम आला तेव्हा टॉमी १४ वर्षांचा होता. चौदा!

हा टॉमी पुढे गन्स अँड रोझेसचा बासिस्ट झाला, १९९८ पासून बरीच वर्षं, आणि डिसेंबर २०१२ मधे ते मुंबईत वाजवायला आले तेव्हा बासवर हाच होता. म्हणजे त्या गर्दीत असलेल्यांनी रिप्लेसमेंट्सचा अर्धा आत्मा समोर बघितलाय, आणि बहुतेकांचं लक्ष सिंगर अ‍ॅक्सलकडे.

यांची ख्याती दोन गोष्टींची, वेस्टरबर्गची गाणी आणि संधी आली की तिची माती करणं. १८ जानेवारी १९८६ ला सॅटर्डे नाइट लाइव्हवर बोलावणं आलं, देशभर लाइव्ह टीव्ही, एवढ्याशा बँडसाठी लॉटरीच. हे पिऊन गेले, वेस्टरबर्गने गाण्याच्या मधे माइकपासून लांब होत बॉबला शिवी घातली ती ऐकू गेलीच, दुसऱ्या गाण्याला एकमेकांचे कपडे घालून आले. परत बोलावणं नाही. त्याच वर्षी बॉबलाही बँडमधून काढलं, त्याची दारू बाकीच्यांच्याही पुढे गेली होती, आणि १९९५ मधे तो ३५ व्या वर्षी गेला. हे गमतीने सांगितलं जातं नेहमी, पण सगळंच गमतीचं नव्हतं.

बस, एवढं पुरे. आता ऐका.

३. एक नंबरपासून सुरू करू नका

कलेक्शन साधारण काळाच्या क्रमाने लावलंय, म्हणजे पहिली तीन गाणी ‘टेकिन अ राइड’, ‘शिफ्टलेस व्हेन आयडल’, ‘किड्स डोन्ट फॉलो’ ही भरधाव पंकच्या अंगाने जाणारी. चांगलीच आहेत, पण पंकची सवय नसलेल्या कानाला ती सगळी एकच वाटतात. म्हणून थेट ६ नंबरला जा, ‘आय विल डेअर’.

इथे काय ऐकायचं ते सांगतो. बासकडे लक्ष द्या, टॉमीचा बास नुसता खाली धरून बसलेला नाहीये, उड्या मारतोय, आणि ड्रमची चाल सरळ ठोकणारी नसून झुलणारी आहे. त्यावर मँडोलिन येतं, आणि मधला गिटारचा छोटासा सोलो आर.ई.एम.च्या पीटर बकने वाजवलाय. १९८४ चं गाणं आहे. त्या वेळेला आर.ई.एम. थोडे पुढे होते, पण दोन्ही बँडची दुनिया एकच. पुढे एक कुठे गेला आणि दुसरा कुठे राहिला ते आपल्याला माहीत आहे.

मग ८ नंबर, ‘अनसॅटिस्फाइड’. शब्द म्हणाल तर फार थोडे, त्यातही तेच तेच, पण आवाज ऐका. अकूस्टिक गिटारने सुरू होतं आणि शेवटाकडे वेस्टरबर्गचा गळा अक्षरशः फाटतो. कुणी तरी म्हणेल की सूर लागला नाही. नाहीच लागलाय. ठेवलाय तसाच.

मग मागे येऊन ७, ‘अ‍ॅन्सरिंग मशीन’. नव्या पोरांसाठी, लँडलाइन फोनला टेपचं एक यंत्र जोडलेलं असायचं, घरी कुणी नसलं की बीप वाजल्यावर निरोप ठेवायचा. गाण्यात बँड नाही, ड्रम नाहीत, एकटा वेस्टरबर्ग आणि एक इलेक्ट्रिक गिटार जी तो अकूस्टिक असल्यासारखी पण खच्चून फोडतोय, आणि तक्रार काय तर जे बोलायचंय ते यंत्राला कसं सांगू. शेवटी शेवटी ऑपरेटरचा रेकॉर्ड केलेला थंड आवाज वर येतो, आणि तो आणि माणसाचा आवाज एकमेकांवर आदळत राहतात. आज व्हॉइस नोटच्या काळात हे जुनं वाटायला पाहिजे, वाटत नाही. हे गाणं हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, मोबाइलवर नुसती खरखर ऐकू येईल.

ही तीन गाणी जमली तर पुढे चला. तीनही अजिबात जमली नाहीत तर मग खरंच सोडून द्या, काही हरकत नाही, हा बँड जबरदस्तीने आवडून घेण्यातला नाही.

४. मधला पट्टा, ९ ते १५, हे खरं सोनं

‘हिअर कम्स अ रेग्युलर’ ते ‘कान्ट हार्डली वेट’. हे सलग ऐका आणि घाई करू नका, कारण यातल्या प्रत्येक गाण्यामागे थोडीशी माहिती असली की ते दुप्पट उघडतं.

‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ची सुरुवातच एका किंचाळीने होते. याचा व्हिडिओ नक्की बघा. एमटीव्हीचा तो जोरातला काळ, सगळे बँड केस फुगवून व्हिडिओत नाचतायत, आणि यांनी काय केलं तर काळ्यापांढऱ्यात एक स्पीकर दाखवला. स्पीकर वाजतोय, कॅमेरा हळूहळू मागे येतो, एक माणूस सोफ्यावर बसून सिगारेट ओढत ऐकतोय, चेहरा दिसत नाही, आणि शेवटी उठतो आणि स्पीकरला लाथ घालून निघून जातो. एवढंच. कंपनीने यासाठी त्यांना साइन केलं होतं बिचाऱ्यांनी.

‘लेफ्ट ऑफ द डायल’ समजायला रेडिओ माहीत पाहिजे. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा जाहिराती न करणाऱ्या स्टेशनांसाठी राखीव आहे, म्हणजे रेडिओचा काटा एकदम डावीकडे नेला की कॉलेजांची स्टेशनं लागायची, पोरंपोरी स्वतःच्या आवडीच्या रेकॉर्ड वाजवायची, आणि असल्या बँडना तेवढीच एक जागा होती. त्या स्टेशनांची ताकद कमी, गावाबाहेर गाडी गेली की आवाज विरत जायचा. आता दौऱ्यावरचा एक गिटारवाला, दुसऱ्या बँडमधली एक मुलगी त्याला कुठेतरी भेटलेली, दोघंही कायम रस्त्यावर, आणि तिचा आवाज परत ऐकू यायची शक्यता कुठे, तर असल्याच एखाद्या स्टेशनवर गाडी चालवताना. हे लक्षात ठेवून ऐका.

‘अ‍ॅलेक्स चिल्टन’ हे खऱ्या माणसाचं नाव. चिल्टन १६ वर्षांचा असताना बॉक्स टॉप्सचा सिंगर म्हणून १९६७ ला अमेरिकेत एक नंबरवर होता, मग बिग स्टार नावाचा बँड केला आणि त्याचे अल्बम कुणी घेतलेच नाहीत. थोडक्यात रिप्लेसमेंट्सच्या आधीचा रिप्लेसमेंट्स. गाण्यात कल्पना अशी आहे की हा माणूस आला की लाखो पोरं त्याच्या नावाने ओरडतात, आणि तुम्हाला माहीत असतं की असं झालेलं नाही. हे १९८७ च्या ‘प्लीज्ड टू मीट मी’ या अल्बमवरचं, तो मेम्फिसला आर्डेंट स्टुडिओत केला, बिग स्टारचा स्टुडिओ तोच, आणि ‘कान्ट हार्डली वेट’मधे खुद्द चिल्टनने थोडी गिटार वाजवली आहे. त्याच गाण्यात ट्रम्पेट सॅक्सोफोन वगैरे आहेत, त्यावरून जुने फॅन आजही भांडतात, बँड विकला गेला म्हणून. मला ते फुंकवाद्यांसकट आवडतं. भांडायचं असेल त्यांनी १९९७ च्या कलेक्शनची दुसरी सीडी काढावी, तिच्यावर त्याचा आधीचा खडबडीत अवतार आहे.

आणि ‘स्कायवे’. दोन मिनिटांच्या आसपासचं गाणं, एक अकूस्टिक गिटार, आवाज जवळजवळ कुजबुजल्यासारखा. मिनियापोलिसमधे थंडी उणे २० च्या खाली जाते, म्हणून १९६२ पासून तिथे डाउनटाउनच्या इमारती दुसऱ्या मजल्यावरून काचबंद पुलांनी जोडलेल्या आहेत, लोक वरच्यावर ऑफिसला जातात, बँकेत जातात, जेवायला जातात, रस्त्यावर पाऊल न ठेवता. आपले मुंबईतले स्कायवॉक डोळ्यासमोर आणा आणि त्यांना काच आणि हीटर लावा. तर खाली बर्फात उभा असलेला एक जण वरून जाणाऱ्या मुलीकडे रोज बघतोय. एक दिवस हिंमत करून तो वर जातो, आणि नेमकी त्या दिवशी ती खाली रस्त्यावर असते. एवढीच गोष्ट आहे. वर उबेत कोण चालतं आणि खाली थंडीत कोण उभं राहतं हे सगळं त्यात आपोआप येतं, एक शब्दही त्यावर भाषण न देता. कलेक्शनमधलं एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर मी हे देईन, ‘आय विल डेअर’ सुद्धा नाही.

‘किस मी ऑन द बस’ गोड आहे. ‘हिअर कम्स अ रेग्युलर’ रात्री ऐका, बारमधे रोज येणाऱ्या माणसाचं गाणं आहे, दारूचं कौतुक करणाऱ्या गाण्यांनंतर हे ऐकलं की कसंतरी होतं.

५. आता मागे जा, १ ते ५

आता तीच सुरुवातीची गाणी वेगळी वाटतील. ‘किड्स डोन्ट फॉलो’च्या सुरुवातीला एक पार्टी चालू आहे आणि मिनियापोलिसचे पोलीस येऊन ती बंद करायला सांगतायत, ते खरं रेकॉर्डिंग आहे. ‘विदिन युअर रीच’ मधे बँड नाहीच, वेस्टरबर्ग एकटा आणि ड्रम मशीन, १९८३ मधे, पंक म्हणवणाऱ्या बँडच्या रेकॉर्डवर! ‘कलर मी इम्प्रेस्ड’ आवाज वाढवून लावा.

एक किस्सा इथेच सांगतो. १९८७ मधे बँडने ट्विन टोनच्या ऑफिसातून टेप्स उचलल्या आणि जाऊन मिसिसिपी नदीत फेकल्या, कंपनी आपल्याला न विचारता सीडी काढेल म्हणून. महत्त्वाचे मास्टर, म्हणजे मूळ टेप्स, वाचले म्हणून आज ही पाच गाणी ऐकता येतायत.

६. १६ ते २० : थोडं सांभाळून

‘एकिन टू बी’ आणि ‘आय’ल बी यू’ १९८९ च्या ‘डोन्ट टेल अ सोल’ची. वर ५१ नंबरचं म्हटलं ते ‘आय’ल बी यू’. हा अल्बम रेडिओला आवडेल असा चकचकीत मिक्स करून घेतलेला (मिक्स म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांची रेकॉर्डिंग कमीजास्त करून एकत्र बांधणं), ड्रम मोठे, सगळीकडे घुमारा. गाणी चांगली आहेत, साबण जास्त झालाय. २०१९ मधे ‘डेड मॅन्स पॉप’ नावाने निर्माता मॅट वॉलेसचा मूळ मिक्स बाहेर आला, दोन्हीकडचं ‘एकिन टू बी’ पाठोपाठ लावून बघा. मिक्सने नेमका काय फरक पडतो हे कुणी समजावून सांगण्यापेक्षा या सात आठ मिनिटांत जास्त कळेल.

‘मेरी गो राउंड’ शेवटच्या अल्बमचं, तोपर्यंत बँड नावालाच, बाहेरचे वादक बरेच. १९ आणि २० ही दोन गाणी २००६ मधे मुद्दाम या कलेक्शनसाठी केली, ड्रमवर जॉश फ्रीस, ख्रिस मार्स फक्त मागे गायला आला, तो तोवर पूर्णवेळ चित्रकार झाला होता. एकदा ऐका. परत नाही ऐकली तरी चालतील.

७. कलेक्शनने काय लपवलंय

हे महत्त्वाचं आहे, कारण फक्त ही २० गाणी ऐकून तुम्हाला वाटेल की वा, किती नेमकं लिहिणारा, किती हळवा बँड. तसे ते नव्हते. निम्म्या वेळा हे लोक मूर्खपणा करत होते आणि तोही मन लावून. ‘हूटेननी’ अल्बमच्या पहिल्या गाण्यात सगळ्यांनी आपापली वाद्यं बदलून वाजवलीयत, अर्थातच भयानक. त्यातच एक गाणं आहे ज्यात वेस्टरबर्ग पेपरमधल्या ‘ओळख हवी’ छाप छोट्या जाहिराती जशाच्या तशा वाचतोय. ‘लेट इट बी’वर ‘अनसॅटिस्फाइड’ आहे आणि त्याच रेकॉर्डवर टॉमीचे टॉन्सिल काढल्याचं गाणं पण आहे, शिवाय किस बँडचं एक गाणं, तेही मनापासून वाजवलेलं. कलेक्शन करणाऱ्याने ही सगळी टिंगल गाळली, त्याचं बरोबरच आहे, पण माझं मत असं की टॉन्सिलच्या गाण्याशेजारी असल्यामुळेच ‘अनसॅटिस्फाइड’ एवढं लागतं. इतका वेळ टवाळी करणारा पोरगा अचानक खरं बोलायला लागतो ना, ते फक्त अल्बममधेच होतं.

म्हणून पुढची पायरी ‘लेट इट बी’ पूर्ण, ३३ मिनिटांचा तर आहे. कव्हरवर चौघं छपरावर बसलेत ते स्टिन्सनांच्याच घराचं छप्पर. यात ‘अँड्रॉजिनस’ मिळेल, पियानोवरचं, कलेक्शनमधे नाही आणि का नाही देव जाणे. १९८४ साली, मुलगा स्कर्ट घालतो आणि मुलगी साखळी लटकवते आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे, एवढं साधेपणाने कोण लिहीत होतं सांगा.

त्यानंतर ‘टिम’. इथे दोन आवृत्त्यांचा विचार करा. १९८५ चा मूळ मिक्स बारीक आणि लांबून ऐकू आल्यासारखा, ड्रम कुठेतरी शेजारच्या खोलीत. २०२३ मधे एड स्टेसियमने तो पूर्ण नव्याने मिक्स केला, ‘लेट इट ब्लीड एडिशन’ नावाने मिळेल. नवीन लोकांनी सरळ २०२३ चा ऐकावा, माझ्याशी जुने फॅन भांडतील, भांडू देत. ‘स्विंगिन पार्टी’ आणि ‘लिटल मस्कारा’ यात आहेत. मग ‘प्लीज्ड टू मीट मी’. या तीनच्या पुढे काय ऐकायचं हे तोवर तुमचं तुम्हाला कळलेलं असेल, ज्यांना १ ते ५ जास्त आवडली त्यांनी पहिल्या अल्बमकडे जावं, १८ गाणी ३७ मिनिटांत, आणि ज्यांना ‘स्कायवे’ आवडलं त्यांनी शेवटच्या ‘ऑल शुक डाउन’कडे.

गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ आवडणारी बरीच मंडळी आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो, तुम्ही अर्धे इथे पोचलेलेच आहात, त्यांचा सिंगर वेस्टरबर्गचा भक्त, दोघांनी मिळून एक गाणं पण लिहिलंय.

८. लाइव्ह अगदी शेवटी

२०१७ मधे ‘फॉर सेल : लाइव्ह अ‍ॅट मॅक्सवेल्स १९८६’ आलं, न्यू जर्सीच्या होबोकेनमधल्या छोट्याशा क्लबातलं, तारीख ४ फेब्रुवारी १९८६. म्हणजे तो टीव्हीवरचा तमाशा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि बॉब अजून बँडमधे आहे. २९ गाणी. हे आधी ऐकलंत तर गोंधळ वाटेल, दुसऱ्यांची गाणी मधेच सुरू करतात, मधेच सोडतात. पण मूळ गाणी कानात बसल्यावर ऐका आणि बॉबची गिटार शोधा, ती गाण्याच्या आजूबाजूने धावत असते आणि कधी कधी गाण्याच्या आधी पोचते.